भाता, भिंग आणि चौकट : मोठ्या आकाराच्या जुन्या कॅमेऱ्यांचा शोध व त्यांचे रूपांतर

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांच्या प्राचार्यकक्षात किंवा ग्रंथालयाच्या जिन्यावर वर्षानुवर्षांची गटछायाचित्रे टांगलेली असतात. पुढे खुर्च्यांवर अध्यापकवर्ग, मागे बाकांवर उभे विद्यार्थी, खाली सुबक अक्षरांत नावे. ही छायाचित्रे आपण ये-जा करताना पाहतो. जवळ जाऊन वाचत मात्र नाही. भिंग घेऊन पाहिले तर तिसऱ्या रांगेतील विद्यार्थ्याच्या कोटाचे बटण, मांडीवरील पुस्तकाची शिवण, मागच्या दारावरील पाटीची अक्षरे स्पष्ट दिसतात. हे स्पष्टपण छायाचित्रकाराच्या कौशल्याचे असते तसेच साधनाचेही असते. काचेची निगेटिव्ह छायाचित्राएवढीच मोठी असे आणि ती कागदाला प्रत्यक्ष चिकटवून छाप घेतला जाई. प्रतिमा मोठी करण्याचा टप्पाच मध्ये नसल्यामुळे तपशील विरत नसे.

ही चित्रे ज्या साधनाने काढली ते साधन मात्र आज भिंतीवर नाही आणि बहुधा भांडारातही नाही. प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते एका शिक्षणसंस्थेच्या निर्लेखन यादीचे. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी भांडार रिकामे करण्याच्या घाईत जडवस्तू संग्रह नोंदवहीतील ज्या वस्तू रद्द ठरविल्या गेल्या, त्यांत ‘लाकडी पेटी, पितळी कड्यांसह, एक’ अशी नोंद होती. ती पेटी म्हणजे हाफ प्लेट आकाराचा, भात्याचा, सागवानी कॅमेरा होता. प्लेट ठेवण्याच्या चौकटी हरवल्या होत्या, भिंगाची झडप मोडली होती, भाता कोपऱ्यांवर फाटला होता. निरुपयोगी हा शेरा कार्यालयीन दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु अशी वस्तू पुन्हा उपयोगात आणता येते का, आणि तसे करताना तिच्या ऐतिहासिक मूल्याचे काय होते, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत. मोठ्या आकाराचा कॅमेरा ही कधीच पूर्ण झालेली, बंदिस्त वस्तू नव्हती आणि दुरुस्ती, जोड व रूपांतर हाच तिच्या आयुष्याचा नित्यक्रम होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी साधनाच्या अंतरंगातच थोडे शिरावे लागेल.

प्लेट, फिल्म आणि हरवलेली चौकट

मोठ्या आकाराचा कॅमेरा रचनेने अत्यंत साधा असतो. पुढे भिंगाची पाटी, मागे घासलेली काच आणि मध्ये प्रकाश अडविणारा भाता. काचेवर उलटी प्रतिमा पाहून ती स्पष्ट करावयाची, मग काच बाजूला सारून तिच्या जागी प्लेटची चौकट सरकवावयाची. भाग सुटे असल्यामुळे त्यांतील कोणताही भाग बदलता येतो. आणि सुटे असल्यामुळेच ते हरवतात.

इंग्रजी बनावटीच्या कॅमेऱ्यांत तीन आकार रूढ होते. फुल प्लेट साडेसहा × साडेआठ इंच, हाफ प्लेट पावणेपाच × साडेसहा इंच आणि क्वार्टर प्लेट सव्वातीन × सव्वाचार इंच. आकार ठरलेले असले तरी चौकटी ठरलेल्या नव्हत्या. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या लाकडी चौकटी प्रत्येक कारखानदार आपल्या कॅमेऱ्याला बसतील अशा बनवी. एकाच्या चौकटी दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला बसतीलच असे नव्हते. म्हणून कॅमेरा सापडला तरी चौकटी नसतील तर तो आंधळाच. बाजारात जुना कॅमेरा शोधणाऱ्याने प्रथम भिंग पाहू नये, चौकटी मोजाव्यात, हा अनुभवी मंडळींचा सल्ला याच कारणाने दिलेला असतो.

येथे पहिल्या मोठ्या रूपांतराकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण त्याची रूपांतर म्हणून गणनाच होत नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियन प्लेटची पद्धत प्रसिद्ध केली, १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि १८८९ मध्ये ईस्टमन यांच्या कंपनीने कचकड्याची फिल्म बाजारात आणली. पुढे सुटे फिल्मपत्रे मिळू लागले, तेव्हा जगभरच्या छायाचित्रकारांकडे काचेच्या प्लेटसाठी घडविलेले असंख्य कॅमेरे होते. ते त्यांनी टाकून दिले नाहीत. पातळ पत्र्याचे एक म्यान तयार झाले. त्यात फिल्म सरकवली की ती काचेइतकी ताठ होऊन प्लेटच्या चौकटीत बसे. काचेचा कॅमेरा फिल्मचा झाला तो या क्षुल्लक दिसणाऱ्या पत्र्यामुळे. आज अशी म्याने जुन्या चौकटींत अडकलेली सापडतात आणि अनेकदा निरर्थक पत्रा म्हणून फेकली जातात.

या म्यानाचे महत्त्व एका मापात आहे. घासलेल्या काचेवर प्रतिमा जेथे स्पष्ट दिसते त्याच पातळीवर फिल्मचा पृष्ठभाग आला पाहिजे. चौकटींचे पुढे प्रमाणीकरण झाले तेव्हा चार × पाच इंची चौकटीसाठी ही खोली ०.१९७ इंच, पाच × सातसाठी ०.२२८ इंच आणि आठ × दहासाठी ०.२६० इंच ठरविण्यात आली. पातळी एक मिलिमीटरने चुकली तर एफ/८ या छिद्रावर प्रत्येक बिंदूचा सुमारे एक-अष्टमांश मिलिमीटरचा ठिपका होतो आणि चित्र मऊ पडते. तेच छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केले तर ठिपका एक-बत्तिसांश मिलिमीटरवर येतो आणि डोळ्याला दोष दिसत नाही. जुने छायाचित्रकार छिद्र अगदी लहान ठेवीत, यामागे दृश्याची खोली मिळविण्याबरोबर बेतशीर न बसणाऱ्या चौकटींचे दोष झाकण्याची सोयही असणार, असे मानावयास जागा आहे.

चौकटी नसलेल्या हाफ प्लेट कॅमेऱ्याचे आजचे रूपांतर सामान्यतः असे होते : मागची मूळ पाटी काढून तिच्या जागी चार × पाच इंची आधुनिक चौकट घेणारी नवी लाकडी पाटी बसविली जाते. काम सुताराचे आहे, पण बारीक सुताराचे. मात्र यात एक किंमत मोजावी लागते. फिल्म लहान झाल्याने त्याच भिंगाचा दृष्टिकोन अरुंद होतो. मूळ कॅमेरा ज्या अंतरावरून पन्नास माणसांचा गट सामावून घेई, त्या अंतरावरून रूपांतरित कॅमेरा कडेची माणसे कापतो. पाच × सात इंची पाटी बसविल्यास हा दोष टळतो, परंतु ती पाटी जुन्या चौकटीबाहेर येते आणि कॅमेऱ्याची पेटी मिटत नाही. इल्फर्ड ही ब्रिटिश कंपनी वर्षातून एकदा नेहमीच्या विक्रीबाहेरील आकारांच्या फिल्मची मागणी स्वीकारते आणि त्यांत जुने प्लेटचे आकारही असतात. म्हणजे मूळ चौकटी शाबूत असतील तर कॅमेऱ्याला हात न लावता फिल्म मिळविणे अशक्य नाही; खर्च व प्रतीक्षा यांची तयारी हवी, इतकेच.

भिंगाची भाषा

जुन्या भिंगाला झडप नाही म्हणून ते अपुरे आहे असा समज सर्रास आढळतो. तो इतिहासाच्या अज्ञानातून आला आहे. योसेफ पेट्झव्हाल यांचे १८४० मधील व्यक्तिचित्रांचे भिंग किंवा डॉलमेयर यांचे १८६६ मधील रॅपिड रेक्टिलिनियर ही भिंगे ज्या काळात घडली, त्या काळात प्लेट इतकी मंद होती की पितळी टोपी हाताने काढून पुन्हा बसविणे पुरेसे असे. झडपेची गरज भासली ती १८७८ च्या सुमारास चार्ल्स बेनेट यांनी जिलेटिनची प्लेट वेगवान करण्याची रीत दाखविल्यानंतर. १८८६ मधील थॉर्नटन यांची गुंडाळत्या कापडाची झडप ही मुळात जुन्या भिंगाच्या तोंडावर चढविण्याची जोडवस्तू होती. तिचे वेग साधारण १/१५ ते १/९० सेकंद एवढेच. आज ती सापडते तेव्हा कापड कुजलेले असते. नवे काळे कापड लावून व स्प्रिंग ताणून तिला चालती करणे हे दुरुस्तीचे पहिले पाऊल ठरते.

ज्याला झडप मिळत नाही त्याने टोपीचाच मार्ग धरावा. हिशेब सोपा आहे. भर उन्हात एफ/१६ या छिद्रावर जेवढा फिल्मचा वेग तितकाव्या सेकंदाचा प्रकाश लागतो. १०० वेगाच्या फिल्मला एफ/३२ वर १/२५ सेकंद हवा. तो टोपीने साधत नाही. परंतु सुमारे ६ वेगाचा छायाचित्रणाचा कागदच निगेटिव्ह म्हणून वापरला आणि छिद्र एफ/४५ ठेवले, तर सुमारे सव्वा सेकंद मिळतो आणि तो हाताने देता येतो. मंद पदार्थाला मंद झडप, हा एकोणिसाव्या शतकाचा तोल अशा रीतीने पुन्हा जुळविता येतो.

छिद्राच्या आकड्यांबाबत मात्र अभ्यासकाने सावध राहावे. १८८१ मध्ये लंडनच्या छायाचित्रण संस्थेने ‘युनिफॉर्म सिस्टिम’ नावाची मोजणी स्वीकारली होती. तिच्यात १६ हा आकडा एफ/१६ शी जुळतो, पण इतर कोणताही जुळत नाही. तेथील ४ म्हणजे आजचे एफ/८, ३२ म्हणजे एफ/२२ आणि ६४ म्हणजे एफ/३२. जुन्या छायाचित्रकाराच्या टाचणवहीत नुसते ‘६४’ लिहिलेले आढळले आणि वाचणाऱ्याने ते आजच्या मोजणीत घेतले, तर प्रकाशाचा अंदाज चौपटीने चुकेल आणि त्यावरून ठरविलेली दिवसाची वेळही. त्याआधीच्या भिंगांत तर आकडेच नसतात. १८५८ मध्ये वॉटरहाउस यांनी सुचविलेल्या भोके पाडलेल्या पितळी पट्ट्या भिंगाच्या फटीत सरकवाव्या लागत. त्या जवळजवळ नेहमीच हरवलेल्या असतात. काळ्या पुठ्ठ्याच्या नव्या पट्ट्या कापून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याने भिंगाला कोणतीही इजा होत नाही.

कारागिरांचा वारसा

रूपांतर ही अलीकडच्या हौशी मंडळींची लहर नव्हे, हे दाखविणारी उदाहरणे अनेक आहेत. केंब्रिजचे फ्रेडरिक सँडरसन हे व्यवसायाने सुतार व कोरीव काम करणारे. वास्तूंची छायाचित्रे काढताना भिंगाची पाटी पाहिजे तशी वर व तिरपी होत नाही, या अडचणीतून त्यांनी खाचांच्या पितळी पट्ट्यांची रचना केली आणि १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे सँडरसन हे नाव कॅमेऱ्याचेच झाले. शिकागोच्या डीअरडॉर्फ यांचे पहिले कॅमेरे दारूबंदीच्या काळात बंद पडलेल्या मद्यगृहांच्या महोगनी फळ्यांतून झाले, असे सांगितले जाते.

आपल्याकडील स्थिती याहून वेगळी नव्हती. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील नामांकित छायाचित्रकार होत, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी थॉमस बिग्ज यांच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम सोपविले गेले. ही साधने इंग्लंडातून येत आणि येथील हवेत टिकत नसत. सरस सुटे, लाकूड फुगे, भात्याला वाळवी व बुरशी लागे. म्हणून कारखानदारांनी सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेले ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे काढले आणि कीटक दूर राहावेत म्हणून उग्र वासाचे रशियन चामडे भात्याला वापरले. निर्लेखन यादीतील ‘पितळी कड्यांसह’ या शब्दांत हा सारा इतिहास नकळत नोंदला गेला होता.

परक्या साधनाची दुरुस्ती करता करता ते घडविण्यापर्यंत पोहोचण्याचा प्रवास केरळातील आलप्पुळा येथे घडला. १९४० च्या दशकात वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाकडे कॅमेऱ्याचा फाटका भाता दुरुस्तीला आला. त्यातून पुढे के. करुणाकरन यांनी ‘वागीश्वरी’ हा लाकडी कॅमेरा निर्माण केला आणि तो भारतभरच्या स्टुडिओंत पोहोचला. पेटीचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता यांना मराठीत एकच शब्द आहे, याचे या ठिकाणी कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतः जोडलेला कॅमेरा चलच्चित्रणाचा होता, म्हणून तो येथील विषयाच्या कक्षेबाहेर राहतो. पण ‘सैरंध्री’ ज्या वृत्तीतून साकारली ती वृत्ती हीच.

भिंगांच्या बाबतीत आपल्याकडील छापखाने हा एक दुर्लक्षित ठेवा होता. मजकूर व चित्रे यांच्या निगेटिव्ह काढण्यासाठी छापखान्यांत व ठसे तयार करणाऱ्यांकडे भलेमोठे प्रोसेस कॅमेरे असत. संगणकाने ते काम घेतल्यावर हे कॅमेरे भंगारात निघाले आणि त्यांची आर्टार, अपो-रोनार, अपो-निक्कोर यांसारखी उत्तम भिंगे किलोच्या भावाने गेली. ही भिंगे सपाट कागदाची समाकार नक्कल करण्यासाठी घडविलेली, झडप नसलेली आणि एफ/९ च्या आसपास सुरू होणारी. तरी एफ/२२ वर ती दूरच्या दृश्यालाही उत्तम न्याय देतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोध घेणाऱ्याने कॅमेऱ्यांच्या दुकानांबरोबर छपाईच्या भंगाराकडेही नजर टाकावी.

युद्धातील भिंग, वृत्तपत्राचा कॅमेरा

रूपांतराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे आणि ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून टेहळणीसाठी के-२४ हा कॅमेरा वापरला गेला. ब्रिटिश एफ-२४ चे ते अमेरिकी रूप. पाच × पाच इंची प्रतिमा देणाऱ्या या कॅमेऱ्यासाठी कोडॅकने ७ इंच नाभीय अंतराचे, एफ/२.५ चे एरो-एक्टार भिंग पुरविले. रात्री प्रकाशबाँब टाकून छायाचित्रे घ्यावयाची असल्याने इतके प्रकाशमान भिंग लागत होते. भिंगात झडप नव्हती, ती कॅमेऱ्याच्या अंगात होती. युद्ध संपल्यावर ही भिंगे शिलकी माल म्हणून विकली गेली.

ग्राफ्लेक्स कंपनीचा स्पीड ग्राफिक हा १९१२ ते १९७३ या काळात निघालेला वृत्तपत्रीय कॅमेरा. १९४५ मध्ये इवो जिमा येथील ध्वजारोहणाचे जो रोझेन्थाल यांचे छायाचित्र त्यानेच टिपले. चार × पाच इंची फिल्मच्या लगत पुढे, कॅमेऱ्याच्या अंगातच कापडी पडद्याची झडप हे त्याचे वैशिष्ट्य. झडप नसलेले भिंग आणि झडप असलेला कॅमेरा यांची जोडी जमणे स्वाभाविक होते. भिंगाच्या बुडाला पाटी जोडली की काम भागते. डेव्हिड बर्नेट या वृत्तछायाचित्रकाराने २००४ मध्ये जॉन केरी यांच्या अध्यक्षीय प्रचारमोहिमेत हीच जोडी वापरली. भोवती सारे अंकीय कॅमेरे घेऊन उभे असताना त्याच्या चित्रांत एकच चेहरा स्पष्ट व बाकी गर्दी विरलेली दिसते, याचे कारण ते प्रचंड छिद्र.

या भिंगाची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्याच्या काही काचांत थोरियम मिसळलेले आहे. कालांतराने अशी काच चहाच्या रंगाची पिवळट होते. काही दिवस ते काही आठवडे उन्हातील किंवा दिव्यातील अतिनील प्रकाश दिल्यास रंग बराच उतरतो. किरणोत्सर्ग अल्प असला तरी हे भिंग घासू-कापू नये आणि रोजच्या बसण्याच्या जागी ठेवू नये. विज्ञान विभागाच्या सहकाऱ्यांनी आपल्या भांडारातील लष्करी शिलकी भिंगे या दृष्टीने एकदा तपासावीत.

रूपांतरित साधन आणि ऐतिहासिक पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुना कॅमेरा चालता केल्याने इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळते? प्रस्तुत लेखकाच्या मते मुख्य लाभ रंगांच्या वाचनात आहे. आरंभीच्या प्लेटना निळा व जांभळा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्यांनी ही मर्यादा काही अंशी दूर करता येते हे शोधले आणि १९०६ मध्ये सर्व रंगांना संवेदनशील प्लेट इंग्लंडात विक्रीस आली. तोवरच्या छायाचित्रांत लाल पगडी काळी उमटते, कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते, निळे लुगडे जवळजवळ पांढरे होते आणि सावळा चेहरा प्रत्यक्षापेक्षा अधिक काळा येतो. वेशभूषा, जातिनिदर्शक खुणा, शोकाची वस्त्रे यांविषयी छायाचित्रांवरून निष्कर्ष काढताना या गोष्टीकडे पुष्कळदा दुर्लक्ष झालेले आढळते. एखादी स्त्री पांढऱ्या वस्त्रात दिसते म्हणून ती विधवा असे लिहिले जाते. ते वस्त्र आकाशी असू शकते.

हे तर्काने सांगता येते, पण प्रयोगाने दाखविणे अधिक पटणारे ठरते. यासाठी रुग्णालयांतील क्ष-किरण फिल्म उपयोगी पडते. ती आठ × दहा इंच व त्याहून मोठ्या आकारांत मिळते, नेहमीच्या फिल्मपेक्षा बरीच स्वस्त असते आणि लाल प्रकाश तिला दिसत नसल्याने अंधारखोलीत लाल दिव्याखाली कापता येते. हिरवा प्रकाश दिसणारी फिल्म काहीशी फोगेल यांच्या काळानंतरच्या प्लेटसारखी, तर फक्त निळा दिसणारी फिल्म त्याआधीच्या प्लेटसारखी वागते. दोन्ही बाजूंना लेप असल्यामुळे ती चटकन ओरखडते. धुताना तबकाच्या तळाशी काच ठेवली तर बरे. जुने भिंग, टोपीची झडप आणि ही फिल्म एवढ्या सामग्रीवर लाल पगडी व निळे लुगडे शेजारी ठेवून घेतलेले एक चित्र वर्गात दाखविले, तर जुन्या अल्बमकडे विद्यार्थी पुन्हा त्याच नजरेने पाहणार नाहीत. क्ष-किरण विभागही आता अंकीय झाले आहेत, त्यामुळे ही सोय आक्रसत चालली आहे, हे येथे नमूद करावे लागते.

यावर संग्रहालयाच्या बाजूने एक आक्षेप येतो. मूळ पाटी काढून नवी बसविली तर वस्तू अस्सल राहिली का? आक्षेप रास्त आहे, पण ‘मूळ’ म्हणजे कोणत्या वर्षीचे हे ठरविणे कठीण असते. १८९० च्या कॅमेऱ्यावर १९१० चे भिंग, १९२५ मध्ये बदललेला भाता आणि फिल्मसाठी घातलेले म्यान असे थर नेहमी आढळतात. त्यांतील शेवटचाच थर तेवढा भेसळ मानावा, याला तत्त्वतः आधार सापडत नाही. व्यवहारात मात्र एक मर्यादा पाळता येते. लाकडाला नवे भोक पाडावयाचे नाही, पितळेला पॉलिश करावयाचे नाही, काढलेला कोणताही भाग टाकावयाचा नाही. पितळी पॉलिशने विक्रेत्याची कोरीव पाटी गुळगुळीत झाली की कॅमेऱ्याचा दाखलाच पुसला जातो. भात्याची गळती पाहण्यासाठी अंधाऱ्या खोलीत आत दिवा लावून बाहेरून छिद्रे हेरावीत आणि शक्य तेथे नवा भाता न करता कोपऱ्यांवर काळ्या कापडाचे ठिगळ लावावे.

प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हेच केले गेले. यादीवर सही होण्यापूर्वी तो इतिहास विभागाच्या नावे वर्ग करून घेण्यात आला. चार × पाच इंची नवी पाटी सागवानाची असून ती मूळ पाटीच्याच खाचांत व मूळच्या स्क्रूंवर बसते. मूळ पाटी घासलेल्या काचेसह कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली आहे. तिच्या आतील बाजूस शिसपेन्सिलीने लिहिलेले १, २, ३ हे आकडे हरवलेल्या तीन चौकटींचे आहेत. नोंदवहीत आता ‘लाकडी पेटी’ याऐवजी ‘हाफ प्लेट कॅमेरा, चौकटी तीन गहाळ, मागील पाटी बदललेली, मूळ पाटी सोबत’ अशी नोंद आहे.